फिरत्या महालाच्या मापाची हकीकत

श्री.

जो उंदरावर बसून त्रिभुवन फिरतो आणि ज्यास आजवर कोणतीही वाट अरुंद पडली नाही, त्या गणरायास प्रथम वंदन करून, आणि ऐकणारांनी मांडी मोडून स्वस्थ बसावे अशी विनंती करून, लेखक लिहितो ऐसे जे: शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध दशमीस एका राज्याचे महाराज गादी युवराजांचे हवाली करून मोकळे जाहले. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही; ज्यांस ठाऊक ते जाणतात, ज्यांस ठाऊक नाही त्यांचे काही अडत नाही. महाराज स्वभावे गरीब, कोणास नाही म्हणणे त्यांस जन्मात साधले नव्हते. राणीसाहेब सगुणाबाई घाटापलीकडील करंजवाडीच्या पाटलाची लेक. लग्नास एकतीस वर्षे जाहली, परंतु बाई एकदाही माहेरी गेल्या नव्हत्या, कारण की राणी निघाली तर लवाजमा निघावा, आणि लवाजमा उतरावा एवढे मैदान त्या वीस घरांच्या गावास नव्हते. तो त्या चैत्रात बाईंच्या म्हाताऱ्या आईचा सांगावा आला, "डोळे चालले. थोडा उजेड हाय तवर ये. तुजं तोंड बघायचं राहिलंय." सांगावा ऐकून बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पुष्कळ रडल्या. मग महाराज स्वतः महालात आले आणि बोलिले, "आता राज्य उतरले. चाकांवरचे घर करवू, आपण दोघेच जाऊ, वाटेल तेथे थांबू, वाटेल तेव्हा निघू." हे ऐकून बाईंस इतका हर्ष जाहला की त्या दिवशी आपली लुगडी त्यांनी आपल्या हातांनी घडी केली, आणि दासी तोंडात बोट घालून पाहात राहिल्या.

दुसरे दिवशी गाड्यांच्या कारखान्याचा मुख्य लुमाजी सुतार सदरेस बोलाविला. माणूस हुन्नरी, परंतु बोलणे तासून ठेविलेले. मुजरा करून त्याने चार गोष्टी पुसिल्या. "मानसं किती जानार? वाट कंची? एका जागी किती दिस ऱ्हानार? चूल आत का भाईर?" महाराज उत्तर देणार तोच अंताजीपंत चिटणीस मध्ये पडले आणि म्हणाले, "महाराजांचा प्रवास महाराजांनी काय म्हणून सांगावा? दफ्तर सांगेल." मग दफ्तर उघडिले. त्यात पणजोबासाहेबांचे वेळचा नेम निघाला की, महाराज वेशीबाहेर पाऊल टाकतील तर अठराही कारखाने, म्हणजे वाड्याची सारी खाती, सोबत निघावे, आणि जो मागे राहील त्याचा मान बुडाला. कारखानेदारांचे कानी हे जाताच सदरेवर ही गर्दी जाहली. मुदपाकखान्याने अकरा चुली मागितल्या, आबदारखान्याने पाण्याचे सात रांजण मागितले, फरासखान्याने गालिचे लोळते ठेवण्यास जागा मागितली, आणि नगारखान्याने मोठ्या अदबीने अर्ज केला की नगारा आडवा निजवून नेणे अशुभ असे. प्रत्येकाचे मागणे लहानच, दीड हात जागा. महाराज प्रत्येकास बरे म्हणाले. पडद्याआड बसून बाई हे ऐकत होत्या आणि प्रत्येक होकारासरशी त्यांचे मन खाली खाली बसत होते, परंतु सदरेत राणीने बोलावे असा नेम कोठे लिहिला नव्हता.

लुमाजीने जाता जाता पुन्हा वाट पुसिली. पंतांनी मार्गांचा कागद काढून वाचिला की, आजोबासाहेबांचे आज्ञेने घाटाचा राजमार्ग आरंभापासून शेवटापर्यंत बारा हात रुंद आहे. लुमाजी म्हणाला, "एक डाव जाऊन बघून येतो." पंत म्हणाले, "आज्ञा पाहून येण्याची नसते." मग बारा हात प्रमाण धरून गाडी बांधिली. दोघांचा खण पुढे, निमुळता, लांबी सात हात, रुंदी चार. त्यामागे अठरा कारखाने, मिळून लांबी चौतीस हात, रुंदी साडेअकरा, चाके बावीस आणि बैल सोळा जोड्या. दोन मजले, वर सज्जा, सज्ज्यावर निशाण. काम चालले आठ महिने. इकडे बाई दर पंधरवड्यास माणूस पाठवून म्हातारीचे डोळ्यांचा समाचार आणवीत, आणि दर खेपेस समाचार मागल्याहून उणा येई.

पौष शुद्ध द्वितीयेस स्वारी निघाली. थाट काय वर्णावा! परंतु चालीचे वर्णन सोपे आहे. एक बैरागी पायी चालला होता, तो स्वारीस तीन वेळा भेटला, जाताना, परत येताना, आणि पुन्हा जाताना. वाटेल तेथे थांबू म्हणावे, तर एवढी गाडी उभी राहील असे मैदान सात कोसांत एक; वाटेल तेव्हा निघू म्हणावे, तर सोळा जोड्या जुंपीपर्यंत ऊन माथ्यावर येई. बाईंस वाटेत एक ओढा आवडला, तेथे पाय बुडवावे असे मनात आले, परंतु गाडी थांबवावी असा हुकूम पुढल्या बैलांपर्यंत पोचला तो ओढा पाऊण कोस मागे राहिला. येणेप्रमाणे वीस कोसांस सव्वीस दिवस लागले आणि स्वारी घाटमाथ्याचे खिंडीत शिरली. बारा हातांची आज्ञा खिंडीने वाचिली नव्हती. ती भरली नऊ हात. गाडीचा पुढला खण सुखरूप निघाला, धड दोहीं बाजूंच्या कातळांत रुतले, आणि ना पुढे ना मागे ऐशी अवस्था जाहली. बत्तीस बैल मागे कैसे चालवावे हे कोणास ठाऊक नव्हते, बैलांस तर नव्हतेच.

बाईंचे खिडकीतून खाली करंजवाडी दिसत होती. घरांवरचा धूर दिसे, कुत्री भुंकलेली ऐकू येत. तीन दिवस पाथरवट कातळ फोडीत राहिले आणि सुपभर दगड निघाला. तिसरे दिवशी एक बाई लाकडांची मोळी घेऊन गाडीच्या पोटाखालून सरपटत अलीकडून पलीकडे निघाली, धूळ झटकली, वर पाहिले आणि म्हणाली, "अगं, तू सगुणा न्हवं का? मी ठकू!" ही बालपणची मैत्रीण. चोपदार धावला, त्यास बाईंनी हातानेच थांबविले आणि विचारिले, "आई कशी आहे?" ठकू म्हणाली, "जवळ गेलं तर मानूस वळखती अजून. तू हितं आलीस हे कळलंय तिला. दारात बसती. चल की, हाकेच्या अंतरावर तर हाय." बाई उठल्या. आणि पुन्हा बसल्या. कोणी धरिले नव्हते, कोणी अडविले नव्हते; एकतीस वर्षे पुसून उठण्याची सवय, ती आड आली. महाराजांची बैठक आरंभापासून वरल्या मजल्यावर, पंतांसोबत; राणीने पायी उतरावे की कसे, असा त्यांस अर्ज गेला, महाराजांनी पंतांस पुसिले, पंतांनी शास्त्रीबोवांस पुसिले, आणि त्या पुसण्यात आणखी पाच दिवस सरले.

आठवे दिवशी ठकू पुन्हा आली. या खेपेस ती चल म्हणाली नाही, खिडकीकडे नुसते पाहिले आणि मोळी सावरून गेली. तेव्हा बाईंनी लुमाजीस खिडकीखाली बोलाविले आणि राणीने सुताराशी बोलू नये हे विसरून विचारिले, "त्या गावी पोचेल एवढी गाडी केवढी?" लुमाजी म्हणाला, "आईसाहेब, मी पुसलं त्याचं उत्तर मला अजून मिळालं न्हाई." बाई म्हणाल्या, "माणसे दोन. वाट ही, डोळ्यांपुढची. मन लागेल तोवर राहायचे. चूल बाहेर, झाडाखाली." लुमाजी म्हणाला, "मग तुमी बसलाय तेवढीच. सात हात लांब, चार रुंद, एक बैलजोडी. मागून करवतीनं तोडतो, दोन चाकं राखीव हायेत. दीड पहराचं काम." बाई तशाच महाराजांकडे गेल्या. पंत म्हणाले, "अठरा कारखान्यांचा मान तुटतो." बाई पंतांकडे न पाहता बोलिल्या, "महाराज, करवतीस हुकूम द्या. न द्याल तर मी खिडकीतून उतरून पायी जाईन, लोकांनी पाहिले तरी पाहोत." महाराजांनी सर्वांस बाहेर घालविले. मग बोलिले, "मान गेला तर जावो. भय निराळे आहे. मला पागोटे बांधता येत नाही, चूल पेटवता येत नाही, ते तरी शिकेन. परंतु एकतीस वर्षांत तुम्ही आम्ही दोघेच असे कधी बसलो नाही. चार हातांत तोंडासमोर बसून तुमच्याशी काय बोलावे, हे मला ठाऊक नाही. म्हणून ज्याने जागा मागितली त्यास देत गेलो." बाईंस राग आला, आणि त्या रागातच महाराजांची दयाही आली. म्हणाल्या, "नाही सुचले तर गप्प बसू. पण आता चला."

दीड प्रहरात लुमाजीने खण तोडिला, चाके बसविली आणि स्वतः कासरा धरिला. अठरा कारखाने खिंडीत उभे राहून पाहते झाले. गाडी सरसर उतरली, गावात कोणाचे कुंपण मोडले नाही, आणि अंगणातील फणसाखाली जाऊन उभी राहिली. म्हातारी दारातच बसली होती. तोंड वाटेकडे. बाई उतरून धावल्या आणि अगदी समोर बसल्या. म्हातारी म्हणाली, "कोन आलंय? ठकू, तू का गं?" मागून ठकू हळूच बोलिली, "परवाच्या सकाळी गेलं समदं." मग बाईंनी आईचे दोन्ही हात धरून आपल्या तोंडावर ठेविले. म्हातारीने कपाळ चाचपले, नाक चाचपले, गालावरचे पाणी लागले तेव्हा ओळखिले, आणि म्हणाली, "म्हातारी झालीस की गं."

बाई त्या अंगणात चार महिने राहिल्या. महाराजही राहिले, चूल पेटविण्यास शिकले, आणि सायंकाळी दोघे गाडीच्या दांडीवर बसून कधी बोलत, कधी न बोलत. थोरली गाडी खिंडीतच मोडून काढावी लागली, आणि वाट मोकळी होण्यास पावसाळा लागला. तात्पर्य लिहावयाचे तर इतकेच: माणसे दोन होती, गाडी सात हातांची पुरती, ती चैत्रात मागितली असती तर वैशाखात पोचती. म्हातारीस दिसत होते माघ शुद्ध पंचमीपर्यंत. बाई पोचल्या सप्तमीस. यापरते लेखकास ठाऊक नाही.