खात्रीशिवाय मारायचं नाही

आमचं दोघांचं शेवटचं साधंसुधं बोलणं झालं ते एका मेलेल्या बाईच्या कानातल्या फुलांवर. समोर गरम उप्पीट होतं. आमच्या हिनं ताटलीशेजारी मोबाईल ठेवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाली, "बघा वं, ही दोन्ही फुलं सोन्याचीच हायत का एक पितळंचं हाय?"

"फोटोवरनं सांगायला मी काय देव हाय? कसाला लावल्याबिगर सोनं कळत न्हाई."

"अंदाजानं सांगा की."

"खाऊ दे आदी."

"तुमास्नी खायाचंच पडलंय. ही बिचारी कवाधरनं तशीच पडलीय."

बिचारी म्हणजे मद्रासच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीकडं झुडपात सापडलेली हाडं. त्यांच्याबरोबर हिरव्या लुगड्याची चिंधी आणि ही कानातली फुलं. फोटोत मातीनं दोन्ही सारखीच काळी दिसत होती. "सोमवारी माझ्यासंगं एन्नोरच्या पोलीस ठाण्यात चला," ती म्हणाली. मी म्हणालो, "ऊन किती हाय बघ." त्याच दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

मी गलाईवाला. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा धंदा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी मुलुखभर पांगलीत, तसा मी तरणा असताना मद्रासला सौकारपेटेत आलो. आता भट्टी पोरगा बघतो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं नटवून सांगायला येत नाही. आहे ते सांगतो.

बाकीच्यांच्या बायका मोबाईलवर भजनं ऐकतात. आमची ही बेवारस प्रेतं बघायची. पोलीस ठाण्यांतून अनोळखी मढ्यांच्या वर्णनाचे कागद निघतात, आणि दुसऱ्या बाजूला हरवलेल्यांच्या घरचे फोटो टाकून वाट बघत बसलेले असतात. या दोन्हींची गाठ घालून द्यायची, असा हौशी लोकांचा एक गट होता. कुणी कुणाला कधी बघितलेलं नाही. गटाचे प्रमुख मद्रासातल्याच तिरुवल्लिकेणीचे एक तंजावरी मराठी मास्तर. ते तमिळ कागद मराठीत सांगायचे. त्यांचं मराठी म्हणजे जुन्या बखरीतलं, वर सांबार ओतलेलं. गटात हिला सगळे 'चेन्नै अक्का' म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी घेत नव्हतो. आमच्यात नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायची रीत नाही.

तुम्हाला वाटेल बाई मोठी हुशार असणार. कसली हुशार! दहा वेळा चुकायची. एकदा इस्लामपूरकडचा एक टेम्पोवाला गायब होता. हिला एका कागदात तसाच शर्ट, तसाच गुडघ्यावरचा वण सापडला. लगेच त्याच्या घरी फोन. "धीर धरा, माऊली," एवढं म्हणाली, आणि तिकडं बायकांनी हंबरडा फोडला. तेवढ्यात पुरुषाचा आवाज आला, "कोण बोलतंय? काय झालं?"

"तुमी कोण?"

"ज्याला तुमी मारलाय तो. जेवतोय मी."

बायकोशी भांडून गेलेला गडी आदल्या दिवशीच परत आला होता. मास्तरांनी हिला गटातून काढलं. माझी तर गाळण उडाली, वाटलं आता पोलीस येतात. ही मात्र दिवसभर जेवली नाही. मग गटात परत घेतल्यावर तिनं एक नेम केला, आणि तो मरेपर्यंत बोलून दाखवला. "खात्रीशिवाय कुणाला मारायचं न्हाई." टेम्पोवाला दर दिवाळीला फोन करायचा, "बाई, अजून हाय बरं का मी!" "ऱ्हावा बाबा, ऱ्हावा," ही म्हणायची, आणि मला करंजी जास्त मिळायची.

या नादानं घरात जगणं अवघड केलं होतं. बसमध्ये शेजारच्या बाईचा ती चेहरा बघायची नाही, खुणा बघायची. "कानामागं चामखीळ. ध्यानात ठेवा," असं माझ्या कानात. मी घराबाहेर पडायचं तर आधी दारात उभं राहायचं. "हलू नगा." एक फोटो. "वळा. पाठीमागनं बी." का, तर उद्या मी हरवलो तर अंगावर काय होतं ते सांगता यावं. दूध आणायला चाललो तरी हेच. शेजारची तमिळ मंडळी दारं उघडून हसायची. मी तडकायचो, "म्हातारपणी माझं लगीन ठरीवतीस का?"

ती गेल्यावर हार घालायला फोटो शोधला, तर तिच्या मोबाईलात मीच मी. दारातला, कपाळाला आठी घातलेला. तिचा एक नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात ती पाकीटमार दिसते.

आणि कावळे. इथल्या घराघरांत सकाळी भाताचा पहिला घास कावळ्याला घालतात. हिनं ते उचललं, पण आपल्या पद्धतीनं. गच्चीच्या कठड्यावर भाताची मूद ठेवायची आणि हाका मारायची, "निळ्या चौकड्याची लुंगी, ये बाबा. उजव्या पायाला सहा बोटं, ये. बिनकाठाचं पिवळं पातळ, तू बी ये गं." नावं नाहीत तर काय करणार? मी म्हणायचो, "अगं, गावाकडं कावळा शिवायला तास-तास लागत्यात, मेलेल्याची इच्छा ऱ्हाईली म्हणत्यात. हितलं कावळं कशाला बी शिवत्यात. यास्नी काय कळतंय?" ती म्हणायची, "भूक कळती, बास की."

हे खूळ आलं कुठून, ते सांगतो. लग्न नवीन होतं. आम्ही रामेश्वरला निघालो आणि मद्रासच्याच एग्मोर स्टेशनच्या गर्दीत ही हरवली. तमिळचा एक शब्द येत नाही, पत्ता ठाऊक नाही. पोलिसांनी चौकीत नेऊन बसवली. हिंदी येणारा एक हवालदार होता. त्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ही घेईना! मेली तरी घेईना. इकडं मी त्याच चौकीत पुढच्या खोलीत. बायकोचं नाव काय? मी म्हणतोय, "आमची मंडळी." आमची मंडळी, आमची मंडळी, एवढंच. मध्ये एक भिंत. एकीकडं बिननावाचा नवरा हरवलेली बाई, दुसरीकडं बिननावाची बायको हरवलेला बाप्या. शेवटी ही रडत म्हणाली, "उजव्या मनगटावर भट्टीनं भाजल्याचा वण हाय. आन तोंड सदा रागावलेलं." हवालदारानं तिला उचलून माझ्यापुढं उभी केली.

म्हणजे तिनं ओळख पटवलेली पहिली असामी मीच.

त्यामुळं आप्पांचा फोन आला तेव्हा ती हललीच. आप्पा म्हणजे आटपाडीकडचे एक म्हातारे. बायकोला, हौसाबाईला, घेऊन रामेश्वरला निघाले, आणि ती याच एग्मोरला हरवली. हिरवं लुगडं, कानात फुलं. आप्पा सारखे फोन करायचे. ही स्पीकर लावूनच बोलायची, त्यामुळं मलाही पाठ. एकदा आप्पांनी आवाज बारीक केला. "बाई, एक सांगतो, कुणाला बोलू नगा. तिचं एक फूल हिरीत पडलं हुतं. मी दुसरं करून आणलं, पर पितळंचं, वर मुलामा. तिला सोन्याचं म्हणूनच सांगिटलं. लई खूश झालती."

म्हणून ती उप्पिटाच्या वेळची चौकशी. एक सोन्याचं आणि एक पितळेचं निघालं तर हौसाबाई गेली. नाहीतर ती कुठंतरी असेल, कुणाच्या ओसरीवर. हिनं आप्पांना एन्नोरबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. खात्रीशिवाय मारायचं नाही.

आणि मग हीच गेली, आणि तिचा मोबाईल माझ्या हातात आला.

पहिल्यांदा वाजला तेव्हा मीच उचलला. "बाई हायत का?" आप्पा. मी म्हणालो, "अंघोळीला गेलीय." का म्हणालो, मला माहीत नाही. मला खात्री नव्हती असं नाही, मीच अग्नी दिला होता. पण जीभ वळेना. दुसऱ्या दिवशी देवळात पाठवली. मग बाजारात. मग परत अंघोळीला.

"बाई लई अंघोळ करत्यात," आप्पा म्हणाले.

"मद्रास हाय. उकडतं."

"त्यास्नी म्हणावं, वाईट असलं तरी सांगा. मी रोज दोन मानसांचं जेवान करून ठेवतोय."

मी फोन ठेवला. त्यानंतर मोबाईल वाजेल म्हणून अन्न गोड लागेना, आणि नाही वाजला तर म्हाताऱ्याला काही झालं काय, म्हणून लागेना.

दहाव्याला समुद्रावर पिंड ठेवला. भटजींनी नाव विचारलं, ते पोरानं सांगितलं. कावळ्यानं क्षणात घास उचलला. सगळे म्हणाले, काही इच्छा राहिली नाही बघा, सुटली. मी मनात म्हटलं, कसली सुटतीय! सोमवारचं काम तसंच पडलंय.

मग गेलो. घरातून निघताना दारात आपोआप थांबलो. फोटो काढायला कुणी नव्हतं. वळलोसुद्धा, पाठीमागून निघावा म्हणून. मग बस धरली.

एन्नोरला उतरलं की नाकात मासळी आणि वीजघराची राख बरोबर शिरतात. ठाण्यात एक पोलीस बाई होती. तमिळमध्ये मला आजोबा म्हणून म्हणाली, "तात्ता, तुम्ही त्या मयताचे कोण लागता?"

"कोण न्हाई."

"मग कशाला आलात?"

"माझ्या बायकोचं काम ऱ्हाईलंय."

"बायको कुठाय?"

तिला तरी मी सांगायला हवं होतं. म्हणालो, "तिला जमलं न्हाई यायला."

माझ्याकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे. पाणी दिलं, बसवलं, आणि बऱ्याच वेळानं एक पाकीट आणून टेबलावर पसरलं. मी खिशात कसोटीचा दगड घेऊन गेलो होतो. तो काढावाच लागला नाही. एव्हाना माती झडली होती. एक फूल पिवळं धमक. दुसऱ्याचा मुलामा खाऱ्या हवेनं खाल्लेला, आणि वर हिरवा गंज.

इतकी वर्षं सोनं बघतोय, पण दोन्ही फुलं एकसारखी निघू देत म्हणून देवाला हात कधी जोडले नव्हते. दोन्ही पितळ निघाली असती तरी चाललं असतं. दोन्ही सोनं तरी.

पोलीस बाई म्हणाली, "रक्ताचं माणूस येऊ दे. तपासणी होईल, मग हाडं ताब्यात मिळतील."

संध्याकाळी मोबाईल वाजला. आप्पा. मी उचलला आणि म्हणालो, "ती झोपलीय." म्हातारा म्हणाला, "झोपू द्या. दमल्या असतील."

सकाळी उठून भात लावला. करपला थोडा. मग मीच फोन केला.

"आप्पा, खात्री झाली."

तिकडं मागं कोंबडी ओरडत होती. मग आप्पा म्हणाले, "फूल?"

"एक हिरवं पडलंय."

बराच वेळ ते नाक ओढत राहिले. मग म्हणाले, "तिला कळलं नसंल न्हवं, मरस्तवर?"

"न्हाई कळलं. कानात हुतं तवर सोनंच हुतं."

"बाईस्नी द्या जरा. त्यांचं उपकार…"

"आप्पा, ती बी गेली. दहावा झाला. मी तुमाला खोटं बोललो."

मला वाटलं शिव्या देतील. म्हातारा म्हणाला, "मग तुमचं जेवणाखाण्याचं काय चाललंय?"

"भात येतो."

"मला पिठलं येतं. तिकडं आलो की करतो." मग थांबून म्हणाले, "आज हिच्यासंगं त्यांचा बी निवद ठेवतो. नाव काय वं त्यांचं? इतकं दिवस नुसतं बाईच म्हणत आलो."

मला चौकीतली ती भिंत आठवली.

मग सांगितलं. आणि पुढं म्हणालो, "तुमच्या पोराला संगं घेऊन या, हाडं मिळायला रक्ताचं मानूस लागतंय. मी स्टेशनात उभा ऱ्हातो. पांढरा शर्ट, उजव्या मनगटावर भाजल्याचा वण. तोंड रागावलेलं असंल, तिकडं बघू नगा."

फोन ठेवून गच्चीवर गेलो. कठड्यावर भाताच्या दोन मुदी ठेवल्या. पहिलीला हाक मारली, "हौसाबाई." हिरवं लुगडं म्हणायची आता गरज नव्हती.

दुसरीला मारली, "द्वारका."

कावळा लगेच आला. इथले कावळे असलेच.