दहावा आला की निघू

माणसाने साठी ओलांडली की त्याला व्यायामाचे महत्त्व पटते. आणि महत्त्व एकदा मनापासून पटले की प्रत्यक्ष व्यायामाची विशेष घाई उरत नाही. हे सत्य सगळ्या जगाला लागू आहे. पण त्याला अध्यक्ष, नियमावली आणि पांढरे बूट मिळवून देण्याचा मान पेण शहराकडे जातो.

'ज्येष्ठ परस्पर-प्रोत्साहन प्रभातफेरी मंडळ, पेण' (नोंदणी प्रलंबित) हे भोगावतीच्या काठच्या कट्ट्यावर रोज पहाटे भरते. मंडळामागचा विचार शास्त्रीय आहे. एकट्या माणसाचा व्यायाम टिकत नाही. एकटा माणूस पहाटे उठतो, पाऊस आहे का बघतो, नसला तर थंडी आहे का बघतो, आणि दोन्ही नसले तर आज नेमके कोणाकडे जायचे होते ते आठवू लागतो. अशी सबब एकट्याने काढली की मनाला खाते. तीच दहा जणांनी मिळून काढली तर तिला ठराव म्हणतात.

मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष दाजी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांनी उभ्या सेवेत एकही बैठक गणपूर्तीशिवाय होऊ दिली नाही, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत फारशा बैठका झाल्या नाहीत आणि चुकीचे निर्णय तर जवळजवळ झालेच नाहीत. साहजिकच मंडळाच्या पहिल्या दिवशी त्यांनी प्रश्न टाकला, "किती माणसं जमली म्हणजे फेरी कायदेशीर धरायची?"

यावर कोणाचाच विचार झालेला नव्हता. शेवटी एलिजा पेणकर सहज बोलून गेले की, आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एलिजा हे निवृत्त मुख्याध्यापक. गावात उरलेल्या मोजक्या बेने इस्रायल (म्हणजे कोकणातल्या ज्यू) मंडळींपैकी एक. मुलगी रेबेका आणि बाकी गोतावळा केव्हाच इस्रायलला गेला. हे मात्र "तिकडे भाकरी मिळते, पण तांदळाची नाही" असे म्हणून इथेच राहिले. दाजींना दहाचा आकडा फार आवडला. हजारो वर्षे टिकलेला नियम आयता मिळत असताना नवा करण्यात अर्थ नव्हता. नियम तीन असा झाला: 'दहा पुरुष उपस्थित झाल्याखेरीज फेरीस प्रारंभ करू नये.'

"अहो, तो प्रार्थनेचा नियम आहे," एलिजा म्हणाले. "देवासाठी. तो थांबू शकतो."

"मग आपण थांबायला काय हरकत आहे?" दाजी म्हणाले, आणि नियम मंजूर झाला.

मंडळाचे सदस्य दहा. त्यांपैकी रोज नऊ येतात. दहावा कोण, हे रोज बदलते (मंडळात पाळीची पद्धत नाही, हे आपोआप होते, आणि यालाच परस्पर सहकार्य म्हणतात). एकाचे पोट, दुसऱ्याच्या सुनेचे माहेर, तिसऱ्याचा नळ. उरलेले नऊ कट्ट्यावर बसतात, रस्त्याकडे पाहतात आणि न आलेल्याविषयी बोलतात. न आलेल्याच्या तब्येतीची इतकी मनःपूर्वक काळजी पेणमध्ये दुसरीकडे कुठेही होत नाही. ऊन चढले की 'दहावा आता काही येत नाही' असे सर्वानुमते ठरते आणि टपरीवाला चहा आणून देतो. साखर वेगळी ठेवलेली असते. ज्याला हवी त्याने घ्यावी, अशी मोकळीक आहे. सगळे घेतात.

मंडळाची प्रगती आकड्यांत सांगायची तर: उत्साह शंभर टक्के, बुटांच्या तळव्यांची झीज शून्य. वार्षिक उपक्रम म्हणून गागोद्यापर्यंत पदयात्रा काढण्यात आली (टेंपोने, कारण टेंपोत मोजताना नऊच भरले).

अशा या सुरळीत चाललेल्या संस्थेत दिनानाथ हा एकच अडचणीचा सदस्य होता. त्याला खरोखर चालायचे होते.

दिनानाथ गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणे. पेणमध्ये माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे पुष्कळ आहेत. पण सगळे झाल्यावर शेवटी ब्रशाच्या टोकावर श्वास धरून गणपतीला नजर देणारे हात थोडे, आणि दिनानाथचा हात त्यांत वरचा. चाळीस वर्षे त्याने डोळे काढले आणि तेवढ्यात त्याचे स्वतःचे गेले. दोन्हीत मोतीबिंदू. गेल्या वर्षी एका मूर्तीचा एक डोळा मोदकाकडे आणि दुसरा दाराकडे लागला. ज्यांच्या घरी ती मूर्ती गेली त्यांनी 'बाप्पाचं सगळ्या घरावर लक्ष आहे' असा निरोप धाडला. पण कारखानदाराला त्यात समाधान वाटले नाही.

"दिनानाथकाका," तो म्हणाला, "आषाढाच्या आत डोळा करून घ्या. नायतर औंदाची आखणी मला दुसऱ्याकडं द्यावी लागंल."

डोळ्याचा डॉक्टर म्हणाला, आधी साखर उतरवा, इतक्या साखरेत मी सुरी लावणार नाही. साखरेचा डॉक्टर म्हणाला, गोळी देतो, पण रोज चाललं पाहिजे. आणि एकट्याने चालणे टिकत नाही हे तर दिनानाथला कट्ट्यावर सगळ्यांनीच सांगितले होते. म्हणून तो माघात मंडळात दाखल झाला, आणि तेव्हापासून आपली साखर घेऊन इमानाने रोज कट्ट्यावर बसू लागला.

तो घाईत गोळी घरी विसरत असे. त्याची बायको गिरजाबाई ती घेऊन कुंभारआळीतून कट्ट्यापर्यंत येई. नवरा बसलेला बघून परत जाई. ऊन चढले तरी घरी आला नाही म्हणून पुन्हा येई. तिलाही साखर होती. पण तिला चालण्यासाठी कोणाचेच प्रोत्साहन नसल्यामुळे ती आपली चालत होती.

"अवो, निघालाव की नाय अजून?" ती विचारी.

"दहावा आला की निघू, वहिनी," नऊ जण सांगत.

चैत्रात दिनानाथने विनंती केली की काहीतरी करा. विनंतीची तातडी ओळखून दाजींनी रोह्याशी पत्रव्यवहार केला. रोह्याला असेच मंडळ आहे. त्याने पेणचीच नियमावली उचलली होती, पण तिथे अननुभवामुळे रोज दहाच्या दहा सदस्य हजर राहत आणि कुंडलिकेच्या काठाने खरोखर चालत सुटत. दाजींनी त्यांना एक माणूस उसना मागितला. रोहेकर मोठ्या मनाचे. त्यांनी पोपट नावाचा सदस्य देऊ केला, पण त्यामुळे त्यांच्याकडे नऊ राहणार म्हणून बदली माणूस मागितला. पेणने आपला गुणाजी दिला.

व्यवहार चोख होता. पोपट पहाटे रोह्याहून पेणच्या एसटीत बसू लागला, गुणाजी पेणहून रोह्याच्या. नागोठण्याजवळ दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडत तेव्हा खिडकीतून दोघे हात हलवत. (या दोघांचा व्यायाम एवढाच; पण नियमित.) पोहोचेपर्यंत दोन्हीकडे ऊन चढलेले असे. अशा रीतीने फेरीच्या वेळेला पेणला आठ आणि रोह्याला नऊ माणसे शिल्लक राहू लागली, आणि जिल्ह्यातली एकमेव चालती फेरी परस्पर सहकार्याने बंद पडली. रोहेकरांनी कट्टा शोधला. त्यांना जवळच्या निडी स्टेशनचे बाक पसंत पडल्याचे समजते. तिथे बसल्यावर निदान कुठेतरी निघाल्यासारखे वाटते.

महिनाभराने देवघेव थांबली. ज्येष्ठात पुन्हा साखर तपासली. साखरेच्या डॉक्टरने कागद पाहून विचारले, "दिनानाथराव, रोज चालता ना?"

"रोज जातो," दिनानाथ म्हणाला. हे खरे होते.

"मग वाढली कशी?"

डॉक्टरने पंधरा दिवसांची मुदत दिली. त्यानंतर डोळ्याचा डॉक्टर गावी जाणार होता आणि पुढली तारीख थेट श्रावणात. श्रावणात डोळे उघडून उपयोग नव्हता. तोवर गणपतींचे डोळे दुसऱ्या कोणीतरी उघडले असते.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई कट्ट्यावर आली ती गोळी देऊन परत गेली नाही. पदर खोचून समोर उभी राहिली.

"किती जमलाव?"

"नऊ," दाजी म्हणाले.

"आन मी एक. झाले दहा. चला."

दाजींनी घसा साफ केला.

"वहिनी, आपल्याविषयी मंडळाला नितांत आदर आहे. परंतु नियम तीनमध्ये दहा पुरुष असा स्पष्ट उल्लेख आहे."

"मग खोडा तो."

"खोडता येईल. त्यासाठी सर्वसाधारण सभा लागते. सभेला गणपूर्ती लागते."

"किती?"

"दहा."

"मग मला धरा आन घ्या सभा!"

"आपल्याला धरता येतं की नाही, हाच तर सभेपुढचा विषय!" दाजी कळवळून म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी निर्दोष अडचण त्यांच्या हाती आली नव्हती.

"ह्यांचा डोळा जाईल तवा तुमची सभा भरंल," गिरजाबाई म्हणाली. "आन जीव जाईल तवा मात्र चारच पुरतील उचलायला!"

"गिरजे, तोंड आवर गो," दिनानाथ पुटपुटला. मग तो एलिजांकडे वळला. नियम त्यांच्या घरचा, तेव्हा सुटकाही त्यांच्याकडेच असेल असे त्याला वाटले. "सर, तुमच्यात हल्ली दहा जमतात?"

"कुठले? सणाला मुंबईहून कोणी आले तर. एरवी आम्ही तिघं."

"मग प्रार्थना?"

"ज्याची त्याने घरी करायची. दहांशिवाय म्हणता येत नाहीत असे काही भाग आहेत, तेवढे गाळायचे." एलिजांनी चष्मा पुसला. "दहावा नाही म्हणून कोणी देवाला विसरलेलं मी तरी पाहिलं नाही."

दिनानाथने गोळी तोंडात टाकली. मग उठला.

उठला म्हणजे सगळे हादरलेच. "दिना, तू गेलास तर आठ राहतील," दाजी म्हणाले. "आठ म्हणजे दहावा सोड, नववासुद्धा नाही! आम्ही कोणाच्या आधारावर बसायचं?" एकाने त्याचा हात धरला. परस्पर आधाराचे इतके बळकट उदाहरण मंडळाच्या इतिहासात दुसरे नाही. सोडवून घेताना दिनानाथच्या सदऱ्याचे बटण तुटले.

पुढे गिरजाबाई, मागे दिनानाथ, असे ते धरमतरच्या रस्त्याला लागले. बाईला इतक्या महिन्यांच्या खेपांनी पायात वारे भरले होते. दिनानाथ विजेच्या तिसऱ्या खांबाशीच धापा टाकू लागला.

"जरा थांब गो!"

"थांबायचं असंल तर कट्टा हाय तिकडं," ती मागे न बघता म्हणाली. "मी थांबनार नाय. तुमची धाप ऐकू येते तवर मला कळतं, मागं हायत म्हनून."

"मला दिसत नाय रस्ता नीट."

"माझं लुगडं दिसतंय ना हिरवं? त्येच्या मागं या."

तो त्या हिरव्या रंगामागे चालत राहिला. रोज. ती रोज त्याला घालूनपाडून बोले आणि तो रोज उत्तर द्यायला म्हणून तिला गाठायला जाई. या पद्धतीत नियमावली नाही, बूट नाहीत आणि प्रोत्साहन तर अजिबातच नाही, त्यामुळे तिची शिफारस करणे कठीण आहे. मुदत भरली तेव्हा साखर उतरली होती. फार नाही, सुरीपुरती. आषाढाच्या तोंडावर उजवा डोळा झाला, आणि त्या डोळ्याने दिनानाथने यंदाची आखणी केली. ज्यांनी मूर्ती पाहिल्या ते सांगतात की, गणपती समोरच्याकडेच पाहतो आहे, आणि जरा जास्तच पाहतो आहे.

मंडळाला याचा सार्थ अभिमान वाटला. आपल्या एका सदस्याने साखर उतरवली, त्या अर्थी चळवळीला यश आले होते. दिनानाथचा सत्कार ठेवला. सत्काराला कट्टा पुरेना, रोह्याहूनही माणसे आली. गणपूर्ती कित्येक पटींनी झाली. (परंतु सत्काराच्या दिवशी फेरी नसते.) शाल, श्रीफळ आणि पेढे झाल्यावर दाजींनी मनोगताची विनंती केली.

दिनानाथ उभा राहिला. नव्या डोळ्याने त्याने कट्ट्यावरून एकेक चेहरा सावकाश न्याहाळला, मूर्तीचा न्याहाळावा तसा.

"तुमी सगळे इतके म्हातारे झालाव," तो म्हणाला, "मला म्हाईतच नव्हतं."

आणि खाली बसला. टाळ्या झाल्या, पण थोड्या उशिराने. एलिजा त्या दिवसापासून कट्ट्यावर येत नाहीत. सकाळी एकटेच नदीकाठाने जाताना दिसतात. मंडळाकडे आता आठ उरले आहेत, आणि त्यांनी नियमाप्रमाणे दोघांची वाट पाहणे सुरू ठेवले आहे.

हा वृत्तान्त वाचून वाचकांना चालण्याची प्रेरणा मिळेल, अशी आमची अपेक्षा नाही. आमचा अनुभव असा की, असे काही वाचून संपत आले की वाचकाच्या मनात हमखास एक नाव येते: त्याला दाखवलं पाहिजे हे, फार सुटलाय, ऐकत नाही कोणाचं. आपल्याही मनात आत्ता ते आले असेल. अवश्य पाठवा. फक्त एवढे ध्यानात असू द्या की, तो गृहस्थही हे कुठेतरी टेकूनच वाचणार आहे, आणि इथपर्यंत आल्यावर त्याच्या मनात जे नाव येईल, ते तुमचे असेल.

म्हणजे तुम्ही दोघे झालात. अजून आठ हवेत. बसा.