बावीस डोकी

श्रीहरी गुरुजींनी एकोणतीस वर्षांत एकही मूल हरवलं नव्हतं!

चंद्रपुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, हेच सांगतील. एकोणतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, एकोणतीस सहली नेल्या. त्यात चपला हरवल्या, डबे हरवले, एकदा तर मुख्याध्यापकांची कवळी नदीत गेली, पण मूल? छे! ताडोब्याच्या सहलीत वाघाची डरकाळी ऐकून पोरं चारी दिशांना पळाली होती, तरी संध्याकाळी मोजली तेव्हा अडुसष्टच्या अडुसष्ट! आता निवृत्तीला तीन महिने उरले होते. हा विक्रम असाच कोरा करकरीत घेऊन घरी जायचं, एवढीच गुरुजींची इच्छा होती.

आणि सन शहाऐंशीच्या महाशिवरात्रीला बावीस इंग्रज पाहुणे येऊन धडकले. सुट्टीत भारत पाहायला निघालेले, बहुतेक सगळे साठी उलटलेले. एका दिवसात बसनं जुने किल्ले आणि देवळं दाखवायची होती, आणि इंग्रजीतून इतिहास सांगू शकेल असा माणूस पर्यटन खात्याच्या साहेबांना गावात एकच सापडला.

"जमेल ना गुरुजी?" साहेबांनी विचारलं.

"बावीस नेतो, बावीस आणतो! एक जरी कमी भरला तर नाव बदलेन!"

गुरुजींना सहल म्हणजे शाळा, दुसरं काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी वेळापत्रक आखलं: पहिला तास चंद्रपूरचा किल्ला, दुसरा तास बल्लारपूरचा, मग मधली सुट्टी, मग मार्कंड्याची देवळं. शाळेची पितळी घंटा काखोटीला मारली. ऊन लागू नये म्हणून बावीस पांढरे दुपट्टे आणून बावीस डोक्यांना बांधले. आणि मग त्या गोऱ्या आजी-आजोबांना एकमेकांचे हात धरायला लावून जोडीजोडीनं किल्ल्यात नेलं! पाहुण्यांना हे इतकं आवडलं की एका आजोबांनी प्रसाधनगृहाला जायची परवानगी करंगळी दाखवून मागितली.

बसमध्ये गुरुजी बसले शेवटच्या बाकावर. ही त्यांची जुनी पद्धत. मागे बसलं की सगळी डोकी एका नजरेत येतात, खिडकीतून कोण हात काढतो तेही दिसतं. घंटा वाजवायची, मागून डोकी मोजायची आणि ओरडायचं, "मुखरू, चल!"

मुखरू म्हणजे ड्रायव्हर. मोठा दिलदार माणूस. घोळ झाला तो त्याच्या दिलदारीपायीच.

बल्लारपूरच्या किल्ल्याबाहेर गिरजाबाई उभी होती. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेली, हातात नारळ, काखेत गाठोडं, डोक्यावर उन्हाचा पांढरा दुपट्टा. तिनं हात दाखवला. आमच्या जंगलातल्या रस्त्यावर कुणी हात दाखवला आणि गाडी थांबली नाही, असं होत नाही. वाघाच्या मुलखात माणूस रस्त्यावर ठेवून कसं जायचं? मुखरूनं तिला पुढच्या रिकाम्या सीटवर बसवलं आणि पाहुण्यांची वाट पाहत बिडी पेटवली.

घंटा झाली. गुरुजी चढले, मागे गेले, दुपट्टे मोजले. वीस, एकवीस, बावीस! "मुखरू, चल!"

बस निघाली. पाहुण्यांतल्या मार्थाबाई किल्ल्याच्या खिडकीत बसून वर्धा नदीचं चित्र काढत होत्या, त्या मात्र चित्रच काढत राहिल्या.

मधल्या सुट्टीला एका मोहाच्या झाडाखाली बस थांबली. गुरुजींनी पाऊण तास पाहुण्यांना डबे खाऊ घातले. गिरजाबाईला उपास होता, ती सीटवरच डुलक्या घेत राहिली. एक ट्रक जत्रेची माणसं घेऊन, "हर हर महादेव" करत बाजूनं धुरळा उडवत गेला. गुरुजींनी नाकाला रुमाल लावला.

मार्कंडा दोन कोसांवर आला, तेव्हा गुरुजींनी शिरस्त्याप्रमाणे उजळणी घेतली. पुढच्या सीटवर एक दुपट्टा डुलत होता. तासाला झोपणारा विद्यार्थी! गुरुजी तरातरा पुढे गेले आणि कडक इंग्रजीत गरजले, "तुम्ही! बल्लारपूरचा किल्ला कुठल्या राजांचा?"

दुपट्टा वळला.

"मले काऊन विचारता जी?" गिरजाबाई म्हणाली. "मी तं जत्रेले चालली!"

गुरुजींच्या हातातली घंटा आपोआप वाजली.

"मुखरू! ही कोण? ही कुठून आली?"

"बल्लारपुरातून बसवलं ना गुरुजी. हात दाखवला बाईनं. थांबा लागते."

गुरुजींनी पुन्हा मोजलं. गिरजाबाई धरून बावीस, म्हणजे पाहुणे एकवीस! एकोणतीस वर्षं एका क्षणात पाण्यात गेली. मार्थाबाई नव्हत्या! अडुसष्ट वर्षांची म्हातारी, परका देश, भाषा येत नाही! गुरुजींनी मुखरूचा खांदा धरला.

"गाडी फिरव!"

"कुठी फिरवू जी?" मुखरूनं बाहेर बोट दाखवलं. पुढे बैलगाड्या, मागे बैलगाड्या, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. "आता महादेवच फिरवते!"

गिरजाबाईनं गुरुजींना आपल्या जागेवर बसवलं, पाणी पाजलं आणि वर सांगितलं, "काही होत नाई गुरुजी. माणसाच्या मुलखात माणूस हरवते का?"

मार्कंड्याला बस टेकली तसे गुरुजी उडी मारून पोलीस चौकी शोधत सुटले. वैनगंगेच्या काठावर बायांचा एक घोळका रिंगण करून बसला होता. मधे एक पांढरा दुपट्टा. त्याखाली भस्माचा आडवा पट्टा, आणि तोंडात उकडलेलं रताळं!

"मार्थाबाई!!"

मार्थाबाई उठल्या आणि इंग्रजीत भडाभडा सांगू लागल्या, की बस गेलेली दिसली, पण त्या घाबरल्या नाहीत. सकाळपासून पाहत होत्या, इथे हात वर केला की गाडी थांबते! त्यांनीही केला. ट्रक थांबला, चाळीस माणसांनी सरकून जागा दिली, शिवाय बसला त्यांनी वाटेत मागे टाकलं. सगळ्या प्रवासात इतकी मजा आली नव्हती!

एकवीस पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुरुजींचे डोळे भरून आले. अगदी खरे भरून आले. पण पाहुण्यांसमोर छाती काढून ते म्हणाले, "हा आमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे!"

मग मार्कंड्याच्या देवळांवर ते असं काही बोलले, की जत्रेतली माणसंसुद्धा दोन शब्द कळत नसताना ऐकत उभी राहिली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच तासाला कुणी झोपलं नाही!

परतताना मात्र गुरुजींनी मुखरूला दम भरला. "आता मी दारात उभा राहून एकेक डोकं हात लावून मोजणार. बावीस झाले की घंटा. घंटा वाजली की सुटायचं! वाटेत कुणीही हात दाखवो, धावो, ओरडो, थांबायचं नाही!"

"कोणीबी?"

"प्रत्यक्ष मार्कंडेय ऋषी आले तरी!"

एकेक दुपट्टा चढला. वीस. एकवीस. मार्थाबाई बावीस! विक्रम शाबूत! गुरुजींनी आनंदाच्या भरात घंटा अशी काही बडवली, की काठावरचे बगळे उडाले.

दार लागलं. बस सुटली.

गुरुजी खालूनच क्षणभर कौतुकानं पाहत राहिले. मग धावले.

"मुखरू! अरे मुखरू!"

मुखरूनं आरशात हात वर केलेला माणूस पाहिला. त्याचा जीव तुटला, पण गुरुजींचा हुकूम म्हणजे हुकूम! त्यानं गाडीचा वेग वाढवला. मागच्या काचेतून बावीस दुपट्टे प्रेमानं टाटा करत होते.

सूर्य नदीवर कलला होता. हात अजून वरच होता, तेवढ्यात मागून ट्रक आला आणि थांबला. वर गिरजाबाई.

"चढा गुरुजी! सरका वं बायांनो, गुरुजीले जागा द्या!"

गुरुजी चढले, घंटा मांडीवर घेऊन बसले. "बावीसच्या बावीस पोचतील," ते ऐटीत म्हणाले. "एकही हरवला नाही!" आणि सवयीनं त्यांचं बोट ट्रकमधल्या डोक्यांवरून फिरू लागलं. एक, दोन, तीन...

गिरजाबाईनं त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्याच छातीवर टेकवलं.

"आता इथून सुरू करा जी!"