रूटिंगची चाळीस पानं

१९९९ साल. रेकॉर्ड विभागातली माझी बत्तीस वर्षांची नोकरी नुकतीच संपली होती. हरवलेला कागद आणि तो हरवणारा माणूस, दोन्ही मी वासावरून ओळखते, अशी माझी ख्याती होती. म्हणजे मीच ती सांगत असे!

त्या वर्षी सूनबाई नेटवर्किंगच्या परीक्षेला बसली होती. पास झाली तर नोकरी कायम, नापास झाली तर महिनाअखेर घरी. अभ्यासाला यंत्रांच्या संदर्भ-पुस्तिकाच छापून आणलेल्या. चार फायली, एकेक अशी जाडजूड की उशाला घेतली तर मान मोडावी!

परीक्षा तीन दिवसांवर आली आणि सूनबाई किंचाळली, "आई, रूटिंगची पहिली चाळीस पानं नाहीत!"

निरोप कुठल्या वाटेने धाडायचा ते सगळं म्हणे त्यातच होतं.

माझा संशय थेट चष्मेवाल्यावर! हा तिचा ऑफिसातला सहकारी. त्याच परीक्षेला बसलेला, रोज संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यायचा. आणि इतका नम्र, की चोरच असणार!

"आई, तो तसा नाही हो."

"तसे वाटत नाहीत, तेच तसे असतात!"

दुसऱ्या दिवशी तो हात धुवायला गेला तशी मी त्याची बॅग उघडली. आत रूटिंग! पान एक ते चाळीस!

"सापडला!" मी अशी ओरडले की शेजारच्या शिंपीणबाई सुईदोऱ्यासकट धावत आल्या. मुलगा तोंडाला साबण फासलेला तसाच बाहेर आला. चष्मेवाला पांढराफटक.

"काकू, ती माझ्या फाइलीतली आहेत. हिची हरवली म्हणून आणली."

"पुरावा काय?"

"अहो, आधी त्याला पाणी तरी द्या," म्हणत शिंपीणबाईंनी फळीवरचा पेला उचलला. "अगंबाई, या खालच्या कागदावरही तसलंच काहीतरी छापलंय!"

पेल्यांखाली रूटिंग. डब्यांखाली रूटिंग. तेलाच्या बरणीखालचं तर आरपार दिसत होतं!

मग मला मंगळवारची दुपार आठवली. मी फायली नीट लावायला घेतल्या होत्या. आमच्या विभागाचा नियम साधा: एकाच नंबरची दोन पानं दिसली की खालचं जुनं, काढून टाकावं, मजकूर वाचत बसू नये. प्रत्येक फाइलीचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! दुसऱ्या फाइलीची चाळीस पानं काढली, कागद चांगला म्हणून फळ्यांवर अंथरला, आणि सुदैवाने मला झोप आली. नाहीतर तिसरी फाइलही गेली असती.

"आई...!" सूनबाई एवढंच म्हणाली. साहेबांनीही मला कधी इतकं झापलं नव्हतं.

चष्मेवाल्याच्या पानांवर सूनबाई पास झाली. आज विभागप्रमुख आहे. तो मात्र दोन गुणांनी राहिला. तेही रूटिंगमध्ये! पुढच्या खेपेला सुटला बिचारा. मुलाने हसताना साबण गिळला, बाकी त्याचं काही बिघडलं नाही. शिंपीणबाई आता नाहीत. असेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता ही गोष्ट सांगत.

हल्ली सगळ्या पुस्तिका संगणकावर असतात. त्याचा पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक आहे, धाकट्या नातीलासुद्धा. मी सूनबाईला विचारला.

"सांगते हं आई," म्हणाली.

त्याला आता चार वर्षं झाली.