आकाशराज्यातील खाडीच्या पाण्याने बंड केले त्याची हकीकत

प्रथम वंदन त्या दर्याला, जो दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो आणि कोणाच्या बोलावण्याची वाट पाहत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी आकाशराज्यात पाण्याने बंड केले, आणि ते कैसे मोडले, ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे.

आकाशराज्य भूमीवर नव्हे. संगणकाच्या काचेत विमाने उडविण्याचा एक खेळ आहे, त्यात साऱ्या पृथ्वीची नक्कल वसविली आहे, आणि ज्यास आपला मुलूख त्यात हुबेहूब हवा त्याने तो आपल्या हाताने घडवावा आणि दरबारी रुजू करावा, ऐसा तेथील रिवाज. त्या राज्यात केतकीबाई मेहेर म्हणून एक सरदार होत्या. जन्म घाटावरचा, विहिरींच्या मुलखातला. लग्न होऊन मेहेरांच्या घरी आल्या, ते घराणे समुद्रकाठचे, तीन पिढ्या होड्यांवर गेलेले. त्यांच्या सासूबाई मथुराबाईसाहेब, वय वर्षे एकोणऐंशी, यजमान दामोदर, जे होडीचे तांडेल म्हणजे म्होरके होते, ते निवर्तल्यावर लेकाच्या बिऱ्हाडी शहरात येऊन राहिल्या, आणि चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी फितुरी केली तेव्हापासून गावच्या खाडीचे दर्शन अंतरले. म्हणोन सूनबाईंनी ती खाडी आकाशराज्यात उभी केली, धक्का, बांध, मिठागरे, तिवरांची रांग, सर्व यथास्थित, आणि रोज दुपारचा चहा झाला म्हणजे सासूबाईंस शेजारी बसवून पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानातून खाडीवर नेत, आणि मथुराबाई काचेवर बोट ठेवून म्हणत, "हे आपले मिठागर, हा भिकूचा बांध, आणि इथे मी एकदा चप्पल घालवली."

ऐशा सुखात असता राज्याची नवी आवृत्ती आली. पूर्वी पाणी जमिनीवरच रंगविलेले असे. नव्या कारभारात पाण्याची वेगळी चादर झाली, तिला लाटा, तिला चमक, आणि जो तो आपल्या मुलखावर ती पसरू लागला. केतकीबाईंचे या कामातील जोडीदार सर्जेराव म्हणून, तेही घाटमाथ्याचे, उंचसखल मोजण्याचे काम त्यांजकडे. त्यांनी खाडीवर चादर घातली, आणि दुसरे दिवशी पाहतात तो पाणी लुकलुकू लागले. क्षणात पाणी, क्षणात चिखल, मध्येच फाटक्या लुगड्यासारख्या चिंध्या, आणि विमान जरा वळवावे तो साऱ्या खाडीभर काजवे पेटल्यासारखे व्हावे. केतकीबाईंनी धीर करून विमान पुनःपुन्हा पाण्यावर टेकविले, तो दर वेळी राज्याने हुकूम फर्माविला की विमान चिखलात आपटून नष्ट झाले. मथुराबाईंनी पदर सावरून विचारले, "आपण मेलो का गो?" केतकीबाई म्हणाल्या, "हो आई. आज पाचव्यांदा." "मग चहा तरी टाक," म्हणून मथुराबाई बोलल्या, परंतु नजर काचेवरच ठेविली.

ही वार्ता दरबारी पोचली आणि मुलूख तपासणाऱ्या दिवाणांचे पत्र आले, की तुमच्या खाडीचे पाणी ठिकाणावर नाही, आठ दिवसांत शिस्तीत आणावे, न आणल्यास ऐशा सर्व नादुरुस्त खाड्या बुजवून सपाट हिरवळ करण्याचा दरबारचा निर्णय आहे. केतकीबाईंनी पत्र वाचून दाखविले. मथुराबाई ऐकून घेत्या झाल्या, आणि म्हणाल्या, "हिरवळ? तिथे? गुरे सोडणार आहेत का?" हसल्या, परंतु त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धी ठेविली, हे सूनबाईंनी पाहिले.

मग मोहीम सुरू जाहली. पहिले दिवशी पाण्यातील प्रतिबिंबे बंद केली, तरी बंड मोडेना. दुसरे दिवशी चित्र काढणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर नामे कारभारी बदलून नवा बसविला, तो समुद्र गुलाबी झाला आणि खाडी लुकलुकतच राहिली. तिसरे दिवशी जुनी साठवण पुसली, चौथे दिवशी लाटा निजविल्या, आणि पाचवे दिवशी सर्जेराव फोनच्या पडद्यावर डोके धरून बसले आणि म्हणाले, "ताई, पाण्याची उंची बरोबर आहे. मी समुद्राची सरासरी घेतलीय, आणि चिखलाची उंची सरकारी मोजणीतून. आकड्यात चूक निघाली तर मिशी उतरवतो." मथुराबाई शेजारी लसूण सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "मिशी राहू दे बाबा. मला एवढं सांग, हे पाणी किती खोल आहे?"

सर्जेराव म्हणाले, "मावशी, खोल नाही. वरची चादर फक्त आहे, कागदासारखी."

"आणि खाली?"

"खाली चिखलाचा फोटो. आकाशातून काढलेला."

"मग चादर काढून दाखव की. गादी कशी आहे ते न बघता चादरीला काय दोष देता?"

पाच दिवसांत हे कोणास सुचले नव्हते. केतकीबाईंनी पाणी उचलून बाजूस ठेविले, आणि काचेत उघडी खाडी दिसू लागली, आणि मथुराबाईंनी चष्मा पुसून लसूण बाजूस सारला. पुष्कळ वेळ पाहून म्हणाल्या, "ही तर ओहोटी आहे." सर्जेराव बोलले, "कशावरून?" तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, "होड्या बघ. पाण्यावर नांगरलेल्या होड्या सगळ्या एका दिशेला तोंड करतात, पाणी ओढेल तशा. ह्या बघ कशा, नऊ होड्यांची नऊ तोंडं, आणि सगळ्या कुशीवर. चिखलात बसल्यात. आणि सावल्या पडल्यात पश्चिमेला, फार लांब नाहीत, म्हणजे दुपारच्या जरा आधीची वेळ. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. षष्ठीची भरती साडेचारला, तिथून सहा तासांनी ओहोटी पुरी. हा फोटो षष्ठीचा, अकराच्या आतला." सर्जेराव हसले, की मावशी, पैज. केतकीबाईंनी फोटोचा दप्तरी दाखला काढला, चौदा वर्षांमागची तारीख निघाली, वेळ दहा वाजून चाळीस मिनिटे, आणि पंचांग उघडले तो कार्तिक वद्य षष्ठी. सर्जेरावांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

मग उलगडा जाहला. घाटावरच्या दोघांनी पाण्यास विहिरीसारखी एकच उंची दिली होती, भरती आणि ओहोटी यांच्या बरोबर मधली; आणि खाडीचा चिखलही नेमका त्याच उंचीवर बसला होता. चिखल आणि पाणी एकाच गादीवर, एका म्यानात दोन तलवारी. संगणकाने मुजरा कोणास करावा? तो बिचारा क्षणभर ह्याला करी, क्षणभर त्याला. मथुराबाई म्हणाल्या, "दर्याला सरासरी नसते रे. तो एक तर असतो, नाही तर नसतो." सर्जेराव म्हणाले, "म्हणजे पाणी एक तर चढवायचं, नाही तर उतरवायचं. चढवू! भरतीची खूण सांगा." मथुराबाई बोलल्या, "धक्क्याची अकरावी पायरी. बाराव्या पायरीवर आम्ही बसायचो, ती कोरडी."

आणि एवढे बोलून त्या थांबल्या, कारण बोट धक्क्यापाशी गेले होते. तेथे एक निळी होडी कुशीवर पडली होती, आणि तिच्या डाव्या अंगास एक फळी पिवळी होती, नव्या लाकडाची, रंग न दिलेली. मथुराबाई म्हणाल्या, "ही ह्यांची." मग फळीवर बोट टेकवून म्हणाल्या, "फळी बदलली तेव्हा म्हणाले होते, रंग दिवाळीनंतर देतो. मी रोज टोचायची, निळ्या लुगड्याला पिवळं ठिगळ. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा हे घरात जेवायला बसले असतील. ओहोटीला अकराला जेवायचे."

केतकीबाईंस मोठा पेच पडला. पाणी चढवावे तर होडी पाण्याखाली जाते. पाण्यातून आडव्या होड्या दिसल्या तर दिवाण हरकत घेतील, म्हणोन फोटोतील होड्या पुसाव्या लागतात. त्या हळूच म्हणाल्या, "आई, आपण पाणी उतरवू. लुकलुक तशीही थांबेल. दिवाणांना लिहीन, ही ओहोटीची खाडी आहे म्हणून. बुजवणार नाहीत. विमान तिथे उतरणार नाही एवढंच, पण होडी राहील, तुम्हाला रोज दिसेल."

मथुराबाईंनी विचारले, "मग पाणी परत कधी येईल?"

"येणार नाही. ह्या राज्यात पाणी एकदा ठेवलं तिथेच राहतं."

मथुराबाईंनी लसणाची पाकळी उचलली आणि सोललीच नाही. मग म्हणाल्या, "कुशीवर पडलेल्या होडीकडे बघत ते एक दिवस स्वस्थ बसले नाहीत. चिडचिड करायचे, पाणी कधी येतं म्हणून. तसंच पडून राहायचं कायमचं? नको गो. भरती आण." केतकीबाई म्हणाल्या, "पण होडी..." "भरती आली की होडी बुडत नाही, उठते. एवढंही शिकली नाहीस मेहेरांच्या घरी?"

हा शब्द केतकीबाईंच्या ध्यानी बसला. त्यांनी दोन दिवस दुसरे काम केले नाही. फोटोतील नऊही होड्या पुसल्या आणि नऊ होड्या नव्याने घडविल्या, लाकडागणिक, आणि निळ्या होडीची फळी पिवळीच ठेविली. मथुराबाई खुर्ची ओढून बसल्या आणि चुका काढीत गेल्या, की नांगराचा दोर इतका ताठ नसतो, आणि भरती चढताना तोंड समुद्राकडे असते, तू गावाकडे केलेस, पाणी येते कुठून ते आधी बघावे. सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही दिवाणांपेक्षा कडक आहात." त्या म्हणाल्या, "दिवाणाला कुठे माशाचं कालवण रांधायचं असतं!"

आठवे दिवशी दुपारी, चहा झाल्यावर, सर्जेराव पडद्यावर हजर असता, केतकीबाईंनी पाण्याची कळ हळूहळू सरकविली. पाणी चिखलावर आले, आणि लुकलुक जी होती ती मागे हटत हटत तिवरांपर्यंत गेली आणि तेथे विझली, मथुराबाई पायऱ्या मोजीत होत्या, आठ, नऊ, दहा, अकरा, "बस." बांध वर राहिला, मिठागरे वाचली, आणि नऊ होड्या उभ्या राहिल्या, सर्वांची तोंडे समुद्राकडे. मग विमान वळवून खाडीवर आणिले, उंची उतरविली, आणि पाणी जवळ येऊ लागले तो मथुराबाईंनी सूनबाईंचा दंड धरिला आणि म्हणाल्या, "लांब उतरव गो, धक्क्यापासून लांब. तुझ्या लाटेनं त्यांची होडी आपटेल." केतकीबाईंनी विमान लांब नेले आणि टेकविले, आणि पाण्याने ते झेलले.

दिवाणांनी खाडी पाहून मंजुरीची मोहोर केली, आणि हिरवळीचा हुकूम त्या मुलखापुरता रद्द जाहला. सर्जेरावांनी मिशी खरोखरीच उतरविली.

येणेप्रमाणे खाडी राखिली गेली. जे चित्र होते ते पाण्याखाली गेले, आणि जी होडी होती ती पाण्यावर राहिली. लिहिणाराने ऐकले तितके लिहिले. अधिक उणे असेल ते वाचणारांनी भरतीस मिळवावे आणि ओहोटीस वजा करावे.