वहिनींच्या सायकलचं परमिट

आमच्या सोसायटीत एखाद्या वस्तूला लाल चिठ्ठी लटकलेली दिसली की नवीन माणसाला वाटतं, वस्तू विकायला काढलीय. जुन्यांना माहीत असतं की नाखवासाहेब तिथून गेलेत. चिठ्ठीवर छापलेलं असतं, "वापरू नये", आणि खाली बॉलपेननं "द. ना.". आजवर ही चिठ्ठी लिफ्टला लागली, पाण्याच्या पंपाला लागली, गणपतीच्या मांडवाच्या डाव्या खांबाला लागली. एकदा वार्षिक सभेत सेक्रेटरी भाषणाला उठले, तेवढ्यात त्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला लागली. सेक्रेटरी परत बसले नाहीत आणि सभा अर्ध्या तासात आटोपली. त्या एका चिठ्ठीबद्दल आम्ही सगळे नाखवांचे उपकार मानतो.

दत्ताराम नाखवा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा बहुतेक त्यांनी आपणहून आणला. माणूस मूळचा उरणकडचा, कोळ्याचा. बापजादे होडी घेऊन भर समुद्रात जाणारे, आणि हे न्हाणीघरातसुद्धा भिंत धरून जातात.

त्यांचं प्रत्येक वाक्य "समजा"नं सुरू होतं. मी नव्या स्कूटरचे पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरूनच म्हणाले, "समजा, साइड स्टँड वर करायचा राहिला." झालं. तेव्हापासून मी स्टँड तीनदा बघतो, सिग्नलला थांबलो की चौथ्यांदा. नाखवांची भीती खोकल्यासारखी आहे, शेजारच्यालाही लागते. आणि मी त्यांच्या अगदी समोरच्या दारात राहतो.

सायकलचं प्रकरण हिरावहिनींच्या गुडघ्यांपासून सुरू झालं. वहिनी म्हणजे सौ. नाखवा, वय सत्तावन्न. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की चालण्यापेक्षा सायकल चालवा, गुडघ्यांवर भार येत नाही. वहिनींना हे औषध फारच पसंत पडलं. लहानपणी खाडीच्या बांधावरून बापाची भलीमोठी सायकल त्यांनी दांड्याखालून पाय घालून पळवली होती. डॉक्टरांनी सायकलचं कागदावर लिहून दिलं होतं, आणि लिहिलेल्या कागदापुढे नाखवासाहेब कायम हतबल असतात. पाडव्याला ते खारघरला गेले आणि एक हायब्रिड सायकल घेऊन आले. ही नुसती रस्त्याची नाही, नुसती डोंगराची नाही, मधलीच. सगळीकडे चालते, असं दुकानदार म्हणाला होता. म्हणजे सगळीकडे पडू शकते, असं नाखवांनी मला संध्याकाळी समजावून सांगितलं, आणि हँडलला लाल चिठ्ठी बांधली. परमिट निघेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही.

परमिट म्हणजे कंपनीतला कागद. कुणी उंचावर चढणार असेल, टाकीत उतरणार असेल, तर सगळं तपासून सेफ्टी ऑफिसरनं सही करायची, आणि सही झाल्याशिवाय कुणी पाना उचलायचा नाही. वहिनींनाही तोच नियम लागू झाला. आता तपासणीसाठी सायकलवर कुणीतरी बसणं भाग होतं. वहिनींना बसवणं नियमात बसेना, कारण आधी डमी आणि मग माणूस, असं साहेबांचं शास्त्र. इथे मला माझी उंची सांगावी लागते, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. पाच फूट दोन इंच. वहिनींचीही तेवढीच. नाखवांनी हे कधी हेरून ठेवलं होतं कोण जाणे, पण पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली आणि डमी म्हणून मला घेऊन गेले.

पुढचे कित्येक रविवार माझे असे गेले. भिंतीला पाठ लावून उभं केलं, जाडजूड डायरी पायांत धरायला लावली आणि जमिनीपासून माप घेतलं. त्यावरून सीटची उंची निघाली. मग पार्किंगमध्ये खांबाला धरून मला सायकलवर बसवलं आणि माझ्या गुडघ्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडला. तो पेडलच्या बरोबर मधोमध यायला हवा होता. तो दोन बोटं पुढे आला. सीट मागे सरकवली, तर हँडल लांब पडलं. हँडल वर घेतलं, तर ओळंबा परत हलला. मी ताठ बसलो होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेबाई भाजी आणायला जाता-येता मला बघत होत्या. माझ्या जागेवर आता काय बांधणार आहेत, असं त्यांनी वॉचमनला विचारलं म्हणे.

सीटच्या मापाचा किस्सा मला सांगायचा नव्हता, पण देशपांडेबाई सांगतीलच. आपण ज्या दोन हाडांवर बसतो, त्यांच्यातल्या अंतराएवढी सीट रुंद हवी, हे नाखवांनी कुठेतरी वाचलं. मग परातभर कणीक थापली, वर प्लॅस्टिक पसरलं आणि मला तीवर बसवलं. मी उठलो, साहेब फूटपट्टी घेऊन वाकले, आणि बाजारातून आलेल्या वहिनी दारात उभ्या. त्यांनी परात बघितली, मला बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "ती कणीक आता कोन खानार?" बायकांचं माप जरा जास्त असतं, अर्धा इंच वाढवून धरू, एवढंच साहेब म्हणाले. त्यानंतर त्यांच्याकडे मी बरेच दिवस फक्त चहा घेतला.

टायरचं त्याहून वाईट. फाटकापासून स्टेशनपर्यंतच्या गटारांच्या जाळ्या नाखवांनी टेप लावून मोजल्या. सायकलबरोबर आलेलं टायर बत्तीस मिलिमीटरचं, आणि एका जाळीच्या सळ्यांतली फट निघाली तेहेतीस. "समजा, हिचं चाक नेमकं त्याच जाळीत गेलं." मी म्हटलं, बाजूनं जाईल की. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मला रात्रभर ती जाळी दिसत राहिली. मग अडतीसचं टायर आलं. गणपती झाल्यावर तेही काढून बेचाळीसचं घातलं, कडेला बारीक खुंट असलेलं, त्यासाठी मडगार्डसुद्धा उचलून बसवलं. मी विचारलं, अहो, सायकल फाटकाबाहेर गेलेली नाही, टायर खाल्लं कुणी? त्यावर ते म्हणाले, "समजा, वाटेत खडी लागली." पुढे एकदा वहिनी कंबरेला बाम चोळताना दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला पुन्हा सायकलवर चढवून सीटचं नाक एक दोरा खाली केलं. लाल चिठ्ठी होती तिथेच होती. मला वहिनींची दया यायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर रागही. एक बाई एक साधी गोष्ट मागते आणि नवरा तिला मापांत घोळवतो.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी मी नोकरीला आहे ती सहकारी बँक नेहमीप्रमाणे अर्ध्या दिवसात सुटली. विचुंब्याला एका ग्राहकाकडे कागद पोचवून मी स्कूटरवरून परत येत होतो. समोरून एक बाई सायकल चालवत आली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, चेहरा उन्हात चमकणारा. हँडलवर लाल चिठ्ठी फडफडत होती. मी इतका गोंधळलो की ब्रेक दाबायच्या आधी हॉर्न दाबला.

वहिनी थांबल्या, एक पाय टेकवला. आठ महिन्यांत प्रथमच मी त्या सायकलवर योग्य माणूस बसलेला बघत होतो, आणि माप तंतोतंत जुळलं होतं. गणपतीपासून रोज येते, म्हणाल्या. साहेब दोनला झोपतात ते चारला उठतात, तेवढ्यात नदीपर्यंत जाऊन परत. "भाऊ, यांना बोलू नका. बोललात तर मानूस घाबरून मरंल, नायतर परत तुमाला कणकीवर बसवंल." दोन्ही शक्यता मला पटल्या. मी शब्द दिला आणि आठवडाभर माझी झोप उडाली. उद्या काही झालं तर आपल्याला माहीत होतं, हे कुणाला सांगणार? दुपारी दोन वाजले की बँकेत मी घड्याळ बघत बसायचो.

पुढच्या शनिवारी राहवेना. घरी येऊन पाहिलं तर सायकल जागेवर नव्हती. साहेब खरोखर झोपलेत ना, एवढी खात्री करावी म्हणून त्यांच्या दाराशी गेलो. दार नुसतं लोटलेलं, आत पलंग रिकामा. खाली जाऊन विचारलं तर वॉचमन म्हणाला, साहेब गच्चीत असतात या वेळेला, रोज. मी गच्ची गाठली.

नाखवा टाकीच्या सावलीत कठड्यापासून चांगले चार हात लांब उभे होते. नजर विचुंब्याच्या रस्त्यावर. मला बघून दचकले नाहीत.

"गेल्या शनिवारी तुम्हाला भेटली ना," म्हणाले. "इथून दिसलं."

ते पुन्हा रस्त्याकडे बघत सांगू लागले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. गणपतीनंतर तिसऱ्या दिवशी मधले केस गेलेले त्यांना दिसले. खाचांत खडी दिसली, म्हणजे विचुंब्याकडचा रस्ता. म्हणून बेचाळीसचं टायर. रोज जेवण झालं की ते खाली जाऊन हवा बघतात, ब्रेक बघतात, वर येतात आणि आडवे होतात.

"आणि घोरणं?" मी विचारलं. सुट्टीच्या दुपारी समोरच्या दारातून मला ते ऐकू येई.

"घोरल्याशिवाय ती निघत नाही."

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. मी म्हटलं, साहेब, मग सांगून टाका ना वहिनींना. सही करा आणि मोकळे व्हा.

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "आमच्याकडे एक फिटर होता. पाइपलाइनवर चढायचं होतं. मी शिडी तपासली, पट्टा तपासला, सही केली. सही केली आणि जेवायला गेलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सगळं नीट होतं हो. चौकशीतही तेच आलं. पण मी जेवत होतो."

फिटरचं काय झालं, ते मी विचारलं नाही. सही झाली की माणूस निर्धास्त होतो, आणि या माणसाला बायकोच्या बाबतीत निर्धास्त व्हायचं नव्हतं. इतके महिने मी त्यांना मनातल्या मनात किती नावं ठेवली होती, ते आठवून मला लाज वाटली.

सव्वातीनला वहिनी वळणावर दिसायला हव्या होत्या. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. रस्त्यावरून एक टेम्पो आला, दोन मोटरसायकली आल्या. नाखवा कठड्याकडे एक पाऊल सरकले, मग आणखी एक. चार वाजायला दहा कमी असताना त्यांनी चक्क कठडा दोन्ही हातांनी धरला होता. माणूस इतकी वर्षं ऑफिसची भाषा बोलत आला, ती एका क्षणात गळून पडली.

"नाय दिसत," ते म्हणाले. "भाऊ, ती नाय दिसत."

मी म्हटलं, स्कूटर काढतो. त्यांनी माझा दंड धरला. त्यांचं म्हणणं, मी गेलो तर तिला कळणार की यांना ठाऊक आहे, आणि मग ती हे सोडून देणार, यांच्या जिवाला घोर नको म्हणून. "तिचा चेहरा बघितलात ना तुमी," म्हणाले. दंड तसाच धरलेला. मग त्यांनी हात सोडला. "जा. मरू दे सगळं. जा तुमी."

मी जिन्यापाशी पोचलो आणि मागून हाक आली. वळणावर वहिनी होत्या. पायी येत होत्या, सायकल हातात धरून. नाखवा वरूनच तपासणी करत होते. "दोन्ही पाय नीट पडतायत. मागचं चाक बसलंय. पंक्चर." आणि लगेच, "समजा, आपण इथं सापडलो."

लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून चार मजले आम्ही जिन्यानं धावत उतरलो. एकसष्ट वर्षांचा हा माणूस पायऱ्या धावत उतरला, कठड्याला हात न लावता. घरात शिरून पलंगावर पडले, भिंतीकडे तोंड केलं, चादर ओढली. मी कुठे जाऊ, असं विचारेपर्यंत जिन्यात पावलं वाजली. हवेचा पंप समोर दिसला, तो मागायलाच आल्यासारखा उचलून मी हॉलमध्ये उभा राहिलो.

वहिनी आल्या. घाम आलेला, हात काळे. मला बघून थबकल्या.

"झोपलेत?" हळूच विचारलं.

मी मान हलवली. आतून घोरणं ऐकू येत होतं, पण चार जिने उतरलेल्या माणसाचं, मध्येमध्ये धाप लागत असलेलं. वहिनी दारातून आत बघत राहिल्या. चादरीच्या टोकाला साहेबांची पावलं बाहेर आली होती, आणि पायांत चपला तशाच होत्या, गच्चीवरच्या चुन्यानं पांढऱ्या झालेल्या.

वहिनी पलंगापाशी गेल्या. काळे हात ओढणीला पुसले. एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि आवाज न करता दोन्ही पलंगाखाली ठेवल्या. चादर पावलांवर ओढून सारखी केली. मग बाहेर येऊन माझ्या हातातला पंप काढून घेतला आणि दाराजवळ उभा करून ठेवला.

"इथंच ऱ्हाऊ दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "उठले की लागंल त्यांना."