तांबडी अळंबी आणि अनुभवी सभा

एका जंगलात, बालमित्रांनो, संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेली एक खार राहत होती. तिचे नाव वल्लरी. ‘बहुधा’ हा शब्द जोडल्याशिवाय ती स्वतःचे नावही सांगत नसे.

त्या जंगलात तांबडी अळंबी फार आवडीने खात. वल्लरीने बिळोबिळी हिंडून चौकशी केली, तेव्हा तिच्या ध्यानात आले की अळंबी खाणाऱ्या दर शंभरांतले अकरा जण मरतात. वनभोजन तीन दिवसांवर आले होते. तिथे अळंबीचा रस्सा होणार होता, आणि वल्लरीला लहानाची मोठी करणारी मावशीही पंगतीला बसणार होती.

वल्लरी सभेत उभी राहिली. “शंभरांत अकरा मरतात. अर्थात, नऊ ते तेराही असू शकतील.”

“आधी नऊ की तेरा ते घरी ठरवून ये, पोरी,” सभापती आप्पा अस्वल म्हणाले. “माझे आजोबा रोज टोपलीभर खात. म्हातारे होऊन गेले!”

“पण आप्पा, एका आजोबांवरून...”

“एक कसे? दोन्हीकडचे आजोबा!”

सभेत हशा पिकला.

“शिवाय तू स्वतः खाल्ली आहेस का? सभेचा नियम ठाऊक आहे ना? ज्याने पदार्थ खाल्ला, त्यानेच त्याविषयी बोलावे.”

वल्लरीने फांदीवर बसून काटेकोर विचार केला. न खाता बोलता येत नाही. खाल्ल्यास वाचण्याची शक्यता शंभरांत एकोणनव्वद. परीक्षेतही तिला इतके कधी मिळाले नव्हते. तिने डोळे मिटून एक अळंबी खाल्ली, पोट धरून दिवस काढला आणि सकाळी धावत सभेत आली.

“मी खाल्ली आहे! अळंबी घातक आहे!”

“मग तू जिवंत कशी?”

“मी उरलेल्या एकोणनव्वदांतली आहे!”

“अगं, मग आम्ही तरी कोण आहोत?” आप्पा प्रेमाने म्हणाले.

मावशीने तिला जवळ ओढले. “वल्लू, तुझे आकडे ऐकून मी यंदा अळंबी सोडणार होते. पण तू स्वतः खाल्लीस म्हटल्यावर आता पोटभर खाते.”

“मावशी, माझ्यावरून ठरवू नकोस गं!”

“तुझ्यावरून नाही, तर कुणावरून ठरवू?”

वनभोजनाला शंभर जण जेवले. दुसऱ्या दिवशी सभेला नव्वद आले. अंदाज बरोबर होता. वल्लरीने सवयीने पुन्हा मोजले. मावशी दोन्ही वेळा नव्हती.

“कुणाला काही त्रास झाला?” आप्पांनी विचारले.

“मुळीच नाही!” नव्वद जण एका सुरात म्हणाले.

“आणि जे आले नाहीत, त्यांचे काय?” वल्लरीने कसेबसे विचारले.

“त्यांची तक्रार असेल, तर त्यांनी स्वतः येऊन सांगावी.”

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांच्या अनुभवावर निःशंक विश्वास ठेवा. ज्यांना वेगळा अनुभव आला, ते मोठे तुम्हाला भेटणारच नाहीत.